रेवस ते तेरेखोल

मुंबई बंदराच्या दक्षिणेला, धरमतर खाडीच्या तोंडाशी रेवस आहे आणि गोव्याच्या हद्दीला टेकून तेरेखोल. या दोन टोकांमधले हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. त्यांना जोडणारा सागरी मार्ग मात्र सुमारे पाचशे किलोमीटरांचा. मधला फरक मुख्यतः खाड्यांचा आहे. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली अशा नद्या समुद्राला मिळण्याआधी रुंद होतात, भरतीचे पाणी त्यांच्यात कोसन्‌कोस आत शिरते आणि किनाऱ्याचा रस्ता तिथे तुटतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांचा किनारा पाहायला निघालेल्या माणसाच्या हाती सहसा पुळणींची यादी असते: काशीद, दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली. यादीत चूक काही नाही, पण तिच्यावरून किनारा कळत नाही. तो कळतो खाडीवरून. मुखाशी किल्ला, आत बंदर, काठावर मच्छीमारांची वस्ती, डोंगराच्या नाकावर देऊळ, वर सडा आणि सड्यावरून बंदरात उतरणारी पाखाडी, हा संच थोड्याफार फरकाने सगळ्या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा भेटतो. एक खाडी नीट पाहिली की पुढची वाचता येते, आणि मग दोन खाड्यांमधल्या पुळणीही आपापल्या जागी बसतात.

या भूमीचा पाया बहुतेक ठिकाणी काळ्या बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचे हे थर. अलिबाग-मुरूडकडे तो काळा दगड थेट समुद्रात उतरलेला दिसतो. दक्षिणेकडे जावे तसा वरचा तांबडा थर जाड होत जातो, तो जांभा. लाखो पावसाळ्यांनी मूळ खडकातली विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणूनच कोकणातली घरे, गडगे, विहिरी, देवळे आणि पायऱ्या सगळे जांभ्याच्या चिऱ्यांचे. जांभ्याचे उघडे, जवळजवळ सपाट पठार म्हणजे सडा. उन्हाळ्यात तो भाजलेला आणि उजाड वाटतो. पाऊस सुरू झाला की त्याच कातळावर डबकी साठतात, गवत उगवते आणि श्रावण-भाद्रपदात तेरड्यासारख्या फुलांचे गालिचे पसरतात. मालवणच्या पुढे खडक बदलतो. तिथे बेसॉल्टहून कितीतरी जुने, दख्खनच्या लाव्हाखाली न गाडले गेलेले दगड उघडे पडले आहेत.

सडा समुद्राकडे कड्याने संपतो, आणि दोन कड्यांच्या बेचक्यात वाळू साठते. त्यामुळे येथल्या बहुतेक पुळणी लहान, चंद्रकोरीसारख्या आणि दोन्ही टोकांना खडक असलेल्या आहेत. गुहागरसारखी लांबलचक सरळ पुळण हा अपवाद. वाळूचा रंगही जागोजागी निराळा. शिंपल्यांचा चुरा जास्त असेल तिथे ती पांढरी-पिवळसर, इल्मेनाइट हे जड काळे खनिज जास्त असेल तिथे करडी-काळी. रत्नागिरी शहरात दोन्ही प्रकार हाकेच्या अंतरावर आहेत: रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका बाजूला पांढरा समुद्र, दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा समुद्र. लोकांनी पाण्याला दिलेली ही नावे खरे तर वाळूची आहेत.

पुळणीमागच्या गावाची रचनाही ठरलेली असते. वाळूच्या कडेला सुरूची झाडे आणि केवड्याची बने, त्यामागे नारळ-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या तोंडाशी घरे, घरांसमोरून गेलेला एकच लांब रस्ता, त्यापलीकडे भातशेती आणि मग डोंगर. गुहागर, केळशी, आंजर्ले, दिवेआगर, श्रीवर्धन ही सगळी गावे या आराखड्यात बसतात. समुद्र अगदी जवळ असूनही रस्त्यावरून तो दिसत नाही. वाडीतल्या अरुंद पाणंदीतून गेल्यावर एकदम समोर येतो. जुन्या वस्तीने खाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून घरे बांधली. समुद्राकडे तोंड करून बांधण्याची हौस अलीकडच्या रिसॉर्टांची, आणि गंजलेल्या खिडक्या बदलण्याचा खर्चही त्यांचाच.

या किनाऱ्यावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीला मान द्यावा लागतो. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. मच्छीमारांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. स्थानपरत्वे थोडे मागेपुढे होते, पण प्रवासाचा बेत आखायला एवढे पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही जाते. अष्टमीच्या भांगाला दोन्ही मर्यादित. म्हणजे अष्टमीला भर दुपारी ओहोटी मिळते खरी, पण पाणी फारसे हटत नाही, आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर पायी जाऊ पाहणाऱ्याची फसगत होते. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरने वरखाली होते. वेंगुर्ल्याकडे हे अंतर जवळपास निम्म्यावर येते, त्यामुळे उत्तरेकडच्या पुळणी ओहोटीला जितक्या पसरतात तितक्या दक्षिणेकडच्या पसरत नाहीत.

हीच भरती एके काळी व्यापाराचे इंजिन होती. भरतीबरोबर गलबते खाडीत खोलवर जात, ओहोटीबरोबर बाहेर पडत. समुद्रावरून आलेला माल खाडीच्या आतल्या टोकाला उतरवून घाटवाटांनी देशावर चढवता येई, म्हणून प्रत्येक मोठ्या खाडीमागे सह्याद्रीतला एखादा घाट उभा आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावे येतात. त्यातले सेमिल्ला म्हणजे चौल, हे सर्वमान्य आहे. राजपुरी खाडीच्या आत, मांदाडजवळच्या कुडा गावी 26 बौद्ध लेण्यांचा समूह आहे. त्यातल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, वैद्य आहे, आणि करहाकड म्हणजे कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. कऱ्हाडच्या माणसाने समुद्राकाठच्या लेण्याला दान का द्यावे, याचे उत्तर खाडी आणि घाट यांच्या नात्यात आहे. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीला 29 लेणी आहेत. तिथे बौद्ध, शैव आणि नाथ संप्रदायाच्या खुणा एकाच कातळात एकावर एक चढलेल्या दिसतात. ही दोन्ही ठिकाणे पुळणींपासून आत असल्याने पर्यटकांच्या वाटेवर येत नाहीत. किनाऱ्याचा इतिहास मात्र येथूनच सुरू करावा लागतो.

कुंडलिकेच्या मुखाशी चौल, रेवदंडा आणि कोर्लई ही तीन ठिकाणे एका दिवसात पाहता येतात, आणि खाडीचा संच समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. चौल हे प्राचीन बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी येथे येऊन गेला, 1469च्या सुमारास रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन येथेच भारताच्या भूमीवर उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज आले, त्यांनी रेवदंड्याला तटबंदीचे नगर वसवले. आज त्या तटाच्या आत नारळाच्या वाड्या आहेत, गाडीरस्ता जुन्या वेशीतून जातो आणि झाडांमधून मध्येच एखाद्या चर्चची भिंत किंवा उंच बुरूज डोके काढतो. खाडीपलीकडे लांबट डोंगरावर कोर्लईचा किल्ला. निजामशाहीने तो 1594 मध्ये बांधायला घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी तो जिंकला. 1740 मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले, पण त्यांची भाषा गेली नाही. कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली बोली अजून घरात बोलली जाते. किल्ल्यावर चढणाऱ्या शंभरांपैकी नव्वद जणांना पायथ्याच्या या भाषेची गंधवार्ताही नसते.

किल्ल्यांचे तीन प्रकार या किनाऱ्यावर दिसतात: समुद्रातल्या खडकावरचे, खाडीच्या मुखाशी भूशिरावरचे, आणि खाडीच्या आत राहून मुखावर नजर ठेवणारे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, तेव्हा त्याला आधार म्हणून पहिल्या प्रकारच्या किल्ल्यांवर भर दिला. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या किनाऱ्यावरचे. खांदेरीचे बेट लहान, पण मुंबई बंदराच्या तोंडावर बसलेले. 1679 मध्ये मराठ्यांनी तिथे तट घालायला सुरुवात करताच मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही धावून आले. बांधकाम तरीही थांबले नाही. सिद्दीने मग शेजारचे उंदेरी बळकावले. अलिबागचा कुलाबा हा त्यानंतरचा, पुढे कान्होजी आंग्र्यांचे मुख्य ठाणे. त्याच्या तटाच्या काही भागात मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. याच अलिबागेत 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडतील, म्हणून ती कुलाब्याहून इकडे हलवली गेली. मुंबईचा कुलाबा सोडून ती या कुलाब्याजवळ आली, हा निव्वळ योगायोग.

मुरूडजवळचा जंजिरा मराठ्यांना कधीही घेता आला नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघाले तरी त्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, ओळीने बुरूज, मोठ्या तोफा, आणि विसाव्या शतकातही नांदत असलेल्या वस्तीचे अवशेष. सिद्दींचे संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, म्हणजे हा किल्ला राज्यकर्त्यांच्या हातात इतर बहुतेक जलदुर्गांपेक्षा कितीतरी जास्त काळ राहिला. त्याच्यावर दाब ठेवायला शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला. तिकडे फार थोडे लोक जातात. त्याच्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने पोखरून आत गेले आहेत आणि सांध्यांतला चुना तसाच बाहेर उभा आहे. तीन-साडेतीनशे वर्षांच्या लाटांना दगडापेक्षा चुना पुरून उरला, एवढे पाहायला म्हणून तरी तिथे जायला हवे.

हर्णैचा सुवर्णदुर्ग 1755 मध्ये इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सने घेतला. ती मोहीम तुळाजी आंग्र्यांविरुद्ध होती आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने 1784 मध्ये लंडनमध्ये शूटर्स हिल येथे त्याच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधला. सुवर्णदुर्गाचे इंग्रजी अपभ्रंश झालेले नाव धारण करून तो आजही उभा आहे. सुवर्णदुर्ग पडल्याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि खाडीत उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. मराठ्यांच्या सागरी सत्तेचा कणा तिथे मोडला, आणि तो मोडण्यात पुण्याचा हात होता ही गोष्ट किल्ला दाखवणारे सहसा हळू आवाजात सांगतात.

विजयदुर्ग मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, बाराव्या शतकाच्या अखेरीचा. वाघोटण खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाणी, एकापुढे एक तट. खाडीत थोडे आत गिर्ये गावाच्या बाजूला खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला कोरडे करून दुरुस्त करायचे, अशी तिची योजना. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि 1868च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध येथे लागला असे सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. 18 ऑगस्ट 1868चे ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन याने आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. नॉर्मन लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून सूर्याच्या वर्णपटाचे वेध घेतले. विजयदुर्गावर लॉकयर आला तो तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणांची सांगड लोकस्मृतीने घालून दिली. विजयदुर्गाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. हेलियमच्या जनकांपैकी एकाने वेध घेण्यासाठी ही जागा निवडली, हेही थोडे नाही.

मालवणचा सिंधुदुर्ग 25 नोव्हेंबर 1664 रोजी बांधायला घेतला गेला आणि सुमारे तीन वर्षांत उभा राहिला. जंजिरा हाती येत नाही म्हटल्यावर स्वतःचे तेवढेच भक्कम ठाणे उभे करायचे, हा त्यामागचा विचार. कुरटे बेटाच्या कडेकडेने वळणे घेत गेलेला तट आतली सुमारे 48 एकर जमीन कवेत घेतो. प्रवेशद्वार येथेही दडवलेले आहे. समुद्राने वेढलेल्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. किल्ल्याच्या जागेची निवड कोणत्या निकषावर झाली असेल ते त्यांच्याकडे पाहून कळते. आत राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि काही कुटुंबे अजून राहतात.

किल्ल्यांना लोक होडीने आणि मोटारीने जातात. खाडीचा किनारा कळतो तो पायी. जुन्या वाटांपैकी पाखाडी सर्वांत सुबक. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, वर आंबा-फणसाची सावली. सड्यावरचे देऊळ आणि खालची वाडी यांना जोडणारा हा रस्ता बैलगाडीसाठी नव्हता, माणसांसाठी होता. डांबरी रस्ते वळसे घेत गेले तशा अनेक पाखाड्या ओस पडल्या. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला अजूनही खालून पायऱ्यांनी जाता येते, आणि जोग नदीचे मुख, सुवर्णदुर्ग व हर्णैचे बंदर एका नजरेत पाहायचे तर हाच चढ चढावा.

समुद्राकाठच्या वाटांत हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सर्वांत विलक्षण. देवळामागून चढून वाट दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी एकदम समुद्रावर उतरते आणि डोंगराला वळसा घालून परत देवळापाशी येते. खालच्या खडकावर लाटांनी रांजणासारखे खळगे कोरले आहेत, कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. ही वाट फक्त ओहोटीची. पाणी चढू लागले की मधल्या टप्प्यात ना पुढे जाता येते ना मागे, आणि येथे जीव गेले आहेत ते बहुतेक याच हिशोबातल्या चुकीने. हेदवीची बामणघळ हे लाटांचेच दुसरे काम. खडकातल्या अरुंद चिरेत भरतीचे पाणी जोराने घुसते आणि वर उसळते. हे पाहायला हरिहरेश्वरच्या उलट भरती गाठावी लागते. गणपतीपुळ्याला प्रदक्षिणा देवळाला नसून संपूर्ण टेकडीला घालतात, कारण टेकडीच देव मानली आहे.

सड्यावर चढले की किनाऱ्याचा आणखी जुना थर लागतो. रत्नागिरी, लांजा, राजापूर आणि त्याखाली सिंधुदुर्गातल्या उघड्या कातळावर खोदलेली चित्रे आहेत: माणसे, मासे, हत्ती, गेंडे, वाघ, पक्षी आणि अर्थ न लागणाऱ्या चौकटी. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यांचा पद्धतशीर शोध गेल्या दीड-दोन दशकांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी ही त्यातली महाराष्ट्रातली ठिकाणे. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांची गर्दी आहे. गेंडा या प्रदेशात आज नाही. तो कोरणाऱ्याने पाहिला असेल तर हवामान आणि जंगल दोन्ही निराळे होते. शिल्पांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ती खोदणारे समाज शेतीआधीचे असावेत, हे मत वजनदार ठरले आहे. चित्रांवर उभे राहून ती समजत नाहीत, आणि बुटांनी जांभा झिजतो. कडेने फिरावे, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात.

याच कशेळीत कनकादित्याचे सूर्यमंदिर आहे, जवळच देवघळीचा कडा. कोकणात सूर्यमंदिरे मोजकी, त्यामुळे एवढ्यासाठीही वाट वाकडी करायला हरकत नाही. दाभोळच्या धक्क्याजवळ आदिलशाहीकालीन काळ्या दगडाची मशीद उभी आहे. एके काळी मक्केला जाणारे यात्रेकरू या बंदरातून निघत. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकडे पाहणारा थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत ठेवले. वाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा वारला. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान याच शहरात, केशवसुतांचे उत्तरेला मालगुंडला, महर्षी कर्व्यांचे मूळ गाव मुरूड दापोलीजवळ. श्रीवर्धन पेशव्यांचे, वेळास नाना फडणविसांचे. समुद्राकाठच्या या गावांतून माणसे सतत बाहेर पडत राहिली, आणि गावे मात्र वाड्यांच्या सावलीत होती तशी राहिली.

पुळण ही फिरण्याची जागा होण्याआधी कामाची जागा होती, आणि अजून आहे. रायगडात कोळी, रत्नागिरीत खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत अशा मच्छीमार समाजांच्या होड्या, जाळी आणि वाळवण त्यावर पसरलेले असते. हर्णैच्या बंदरात बोटी आल्या की पाण्याच्या कडेलाच लिलाव सुरू होतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढतात: होडीतून अर्धवर्तुळात लांब जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढत आणायची, मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रिवाजाने पडतात. यांत्रिक बोटींची मासेमारी वाढल्यापासून रापणीला मिळणारी मासळी घटली आहे, आणि त्यावरून किनाऱ्यावर खटकेही उडतात. वेळासला 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू झाले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते केले. मादी हिवाळ्यात रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून परत जाते; सुमारे पन्नास दिवसांनी, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पिल्ले बाहेर येतात. ती पाहायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांतच होते. अंडी चोरीला जाणारी पुळण आणि अंडी राखणारी पुळण यांत फरक पडला तो घरात पाहुणा येऊ लागल्याने, हे मान्य करायला हवे. मालवणचा सागरी अभयारण्याचा पट्टा 1987 मध्ये जाहीर झाला. सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि आज तिथे स्कूबाच्या होड्यांची दाटी आहे.

या भागात फिरण्याचा काळ ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मे उन्हाचा असला तरी आंबा-काजू-करवंदांचा. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, यांत्रिक मासेमारी बंद असते, किल्ल्यांच्या होड्या थांबतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर पुन्हा होड्या सुटू लागतात. मात्र सडे पाहायचे तर पावसाळ्याचा उत्तरार्धच गाठावा. पोहण्याच्या बाबतीत गणपतीपुळे, काशीद, गुहागर या पुळणी दिसतात तितक्या सौम्य नाहीत. वाळू एकदम खोल उतरते आणि परतणारे पाणी पाय खेचते. स्थानिक माणूस जिथे पाण्यात उतरत नाही तिथे उतरू नये, हा नियम फलकांपेक्षा जास्त खात्रीचा.

खाड्या ओलांडायला आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड येथे वाहने नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. पूर्वी तिथे तरी चालत. आता सागरी मार्गावर मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची कामे हाती घेतली आहेत. पूल झाले की तासांचा वळसा मिनिटांवर येईल, रुग्ण आणि मासळी दोन्ही वेळेत पोहोचतील. त्याबरोबर जमिनीचे भावही पोहोचतील. आजवर ही गावे जशी राहिली त्यात तुटक रस्त्याचा वाटा मोठा होता, आणि तो तुटकपणा गावकऱ्यांनी हौसेने पत्करलेला नव्हता.

मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदीचे मुख, देवबाग, मग भोगवे आणि निवती. समोर समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक, त्यांच्या गुहांत पाकोळ्यांची घरटी. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत. शिरोड्याच्या मिठागरांत मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. त्या काळात वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत शिकवत होते. रेडीला यशवंतगड आहे, शेजारी लोहखनिजाच्या खाणी. त्यापुढे तेरेखोल नदी. तिच्या मुखावरचा किल्ला उत्तर काठावर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला आहे, तरी तो गोव्यात मोडतो: सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांनी तो 1746 मध्ये घेतला आणि 1961 पर्यंत स्वतःकडे ठेवला, त्यामुळे हद्द नदीवरून न जाता किल्ल्याच्या मागून गेली. किल्ल्याखालच्या धक्क्यावरून दक्षिण काठावरच्या केरीला फेरीबोट जाते.